सगळ्यांना एकच पळी

आमच्या जहाज कारखान्यात कँटीनच्या ओकबुनताईंना नावाने हाक मारणारी मी एकटीच. बाकी कोरियातल्या या अख्ख्या गोज्ये बेटाच्या त्या मावशी. वेल्डर, रंगारी, क्रेनवाले, जो तो थाळी पुढे करून म्हणायचा, "मावशी, जरा जास्त!" आणि ताई म्हणायच्या, "जास्त हवं तर लग्न कर माझ्याशी. इथे सगळ्यांना एकच पळी."

त्या पळीवरूनच पुढचं सगळं झालं.

कँटीनमधल्या आम्ही बायकाही युनियनच्या सभासद, पण आमची श्रेणी सगळ्यांत खालची. दरवर्षी पगारवाढ व्हायची ती टक्क्यांत. ज्याचा पगार मोठा त्याची वाढ मोठी. आमच्या वाट्याला नुसताच रस्सा. त्या वसंतात सभेत ताई उभ्या राहिल्या. "टक्का नको. सगळ्यांना सारखी रक्कम वाढवा. भूक काय श्रेणी बघून लागते?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, आधी वेल्डिंग करून दाखव!"

"दाखवते की! तू अख्ख्या कारखान्याचा भात शिजवून दाखव, न करपवता."

सभा हसली. युनियनचा अध्यक्ष प्योनही हसला आणि मागणी त्याने यादीत घेतली. ताई डिसेंबरात निवृत्त व्हायच्या होत्या. निवृत्तीची रक्कम शेवटच्या पगारावर ठरते, म्हणजे ही वाढ त्यांच्या म्हातारपणाची चूल होती.

कंपनी हलेना. मग आमच्याकडे निषेध म्हणून करतात तसं, फाटकासमोर डोकी भादरायचं ठरलं. प्रत्येक श्रेणीतून एक डोकं. कँटीनमधून कोण, असं विचारल्यावर आम्ही साऱ्याजणी आपापल्या गमबुटांचं निरीक्षण करू लागलो. ताईंनी अंबाड्याच्या पिना काढून माझ्या हातावर ठेवल्या. "सांभाळ गं मिरान. चांगल्या आहेत."

मशीन फिरलं. धिप्पाड वेल्डर मुसमुसून रडले. ताई एवढंच म्हणाल्या, "मानेला गार लागतंय, मफलर दे." दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या प्रत्येक भिंतीवर, पोस्टरमध्ये, तेच बोडकं डोकं होतं.

शेवटी करार झाला. वाढ मोठी होती, पण टक्क्यांतच. सारख्या रकमेची मागणी प्योनने वाटाघाटीच्या शेवटच्या दिवशी सोडून दिली होती. सभासदांचं मतदान झालं. वेल्डरांच्या त्या गर्दीत आमची मतं म्हणजे हंडाभर सुपात चिमूटभर मिरपूड.

विजयाचं जेवण अर्थात आम्हीच रांधलं. गोमांसाचं सूप, मुळ्याची लाल तिखट किमची. प्योन स्वतः रांगेत आला. त्याची नजर वाडग्यातून वर येईना.

"मावशी, कंपनी अडूनच बसली होती. पुढच्या वर्षी नक्की करू. तोवर केसही येतील तुझे."

"केस येतील रे. मी नसेन."

प्योनने वाडगा पुढे केला. आज याला नुसतं पाणी वाढावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. ताईंनी पळी तळापर्यंत बुडवली, ढवळली आणि मांसासकट काठोकाठ भरून त्याच्या वाडग्यात ओतली. मग त्याच्या मागच्याला. मग त्याच्याही मागच्याला.

इतकी वर्षं अंबाड्यावर घट्ट बसणारी त्यांची टोपी आता सारखी डोळ्यांवर घसरत होती. त्यांचे हात मोकळे नव्हते, म्हणून मी मागून ती वर सारत होते. पिना माझ्या खिशातच होत्या. अडकवायच्या कशात?