कोऱ्या पानावरचा डाग

आधी साबणाने हात धुवायचे, मगच पेट्रोलला हात लावायचा. नारपोलीच्या आमच्या मेकॅनिक चाचांची ही रीत. मेकॅनिक काम झाल्यावर हात धुतात, हे तुम्ही पाहिलं असेल. चाचा आधी धुवायचे. "मैले हाथ की गवाही कौन मानेगा, भाऊ?"

मग कोऱ्या कागदावर पेट्रोलचे दोन थेंब. चांगलं पेट्रोल उडून जातं, कागद कोरा राहतो. रॉकेल मिसळलं असेल तर तेलकट डाग उरतो. आज पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, ते निदान सांगून. नव्वदच्या आसपास आमच्याकडे रॉकेल मिसळायचे, चोरून, आणि बिघडलेल्या इंजिनाचं खापर मेकॅनिकच्या डोक्यावर!

मी दापोड्याच्या एका शेठच्या गोदामात गाड्यांची वही ठेवायचो; दुरुस्ती चाचांकडेच असायची. कोणती गाडी कुठे बंद पडली, पेट्रोल कुठल्या पंपाचं, सगळं त्यात. पानांना क्रमांकही मीच घातलेले. बंद पडणारी प्रत्येक गाडी शेठच्या मेव्हण्याच्या पंपावर भरलेली निघायची.

एकदा शेठची स्वतःची मोटार अंजूरच्या रस्त्यात बंद पडली. ते मला घेऊन चाचांच्या गॅरेजात आले आणि सर्वांदेखत ओरडले, "चाचा, इंजिन तुम्हीच खाल्लं!"

"कसा खाईन शेठ? रोजा हाय माझा."

शेजारचे लूमवाले, यंत्रमागांवरचे कामगार, हसले. शेठ आणखी भडकले.

चाचांनी हात धुतले, दोनदा. माझ्याकडे कोरं पान मागितलं. मी वहीतलं फाडून दिलं. मोटारीतल्या पेट्रोलचे थेंब पडले, वाळले. डाग उरला.

"कागदच तेलकट होता," शेठ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पान तुमचं ना? कोरं होतं का?"

वही माझ्या काखेत होती. मी म्हणालो, "नीट पाहिलं नाही."

चाचा पुन्हा हात धुवायला गेले.

गोदामाच्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. 'इंजिनखाऊ चाचा' हे नाव नारपोलीभर झालं, रिक्षावालेही तुटले. वर्षभरात गॅरेज गेलं, तिथे लूम खडखडू लागले. पंप मात्र चालूच. शेठचा राग येतो, मेव्हण्याचा येतो. पण सगळ्यात संताप येतो तो टापटिपीच्या वह्या ठेवून ऐन वेळी तोंड शिवणाऱ्या माझा.

गॅरेज सोडून जाताना चाचा ते डागाचं पान माझ्या टेबलावर ठेवून गेले. "घ्या भाऊ. तुमची वही अधुरी नको."

पान सत्तेचाळीस. डाग हळूहळू विरला. आता ते कोरं दिसतं.

तेव्हाही कोरंच होतं.