आईच्या रक्तात बांगडा बसत नाही

दुपारपासून हे लिहायचं टाळतोय यार. मध्येच मरोळला मित्राची नवी बाइक बघून आलो, तिथेही मन लागेना.

बिल्डिंगमधल्या डाएटवाल्या काकूंनी आईला सांगितलंय, ए ब्लडग्रुपला मासे म्हणजे विष. तेव्हापासून आमची मालवणी आई बांगड्याचं कालवण करते आणि मीठ बघायला मला हाक मारते. स्वतः उकडलेला दुधी खाते.

आज सकाळी ओट्याशीच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी झालंय, नीट जेवा.

"आतातरी खा ना गं!" मी ओरडलो.

"माझा रगत ए ग्रुपचा. माका मासे चलनत नाय."

रक्त संपत आलं, तरी ग्रुप सांभाळतेय! तुम्ही घरच्यांना कसं समजावता?

थांबा, बेल वाजली. कधी कुणाकडे न जाणाऱ्या काकू स्वतः आल्यात. "वहिनी, आता दूधपण बंद करा."

आणि आई मान डोलावतेय.