गेटवरचे प्रश्न

परवा दवाखान्यात नर्सने कपाळासमोर ताप मोजायची गन धरली आणि मला साथीच्या वर्षातलं विद्यापीठाचं गेट आठवलं. तिथे साळवे नावाचे सुरक्षारक्षक अशीच गन धरायचे आणि मास्कआडून रोज तेच विचारायचे, "सर, ताप? खोकला? घरी कुणी आजारी?"

"घरी कुणी नाही," मी म्हणायचो. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली होती. साळवे वहीत माझ्या नाव-नंबरापुढे नुसतं 'नाही' लिहायचे.

तास ऑनलाइन होते. घरचं नेट चालत नाही असं सांगून मी मात्र रोज विभागात येऊन शिकवायचो. खरं तर नेट उत्तम चालत होतं. पण पडद्यावर मुलांची फक्त नावं दिसायची, आणि दिवसभरात मला काही विचारणारा माणूस त्या गेटवरच भेटायचा. सगळ्यांना अंतर ठेवायला सांगितलं होतं. मला ते नव्याने शिकावं लागलं नाही.

एक दिवस पाठ धरली म्हणून गेलो नाही. दुपारी फोन आला.

"सर, मी साळवे, गेटवरचा. आज आला नाहीत. ताप आहे का?"

"नाही हो, पाठ धरलीय."

"खोकला?"

"नाही."

पुढचा प्रश्न त्यांनी गाळला. म्हणाले, "जेवलात का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही जेवलो," मी म्हणालो.

"मग आधी काहीतरी करून खा. मी तासाभराने परत फोन करतो."

भिंतीला धरून मी उठलो आणि कुकर लावला.