सव्वा महिना थांबणार नाही

रंजनाच्या बाळावर अन्याय झाला तो पोळ्याच्या दिवशी, भरदुपारी. आठवा लागताच जन्मलेल्या त्या लेकराला दवाखान्यातून सुट्टी देताना कुणीतरी घाईघाईत सांगितलं, “महिन्याचा झाला की डोळे दाखवा.” कशाला, कुठे, उशीर झाला तर काय? एक शब्द नाही!

मी अशा बाळांच्या फॉलो-अपचं काम करते. गणपतीत वजन करायला दिग्रसजवळच्या त्यांच्या गावी गेले. बाळ अंधाऱ्या खोलीत, दाराला पडदा.

“डोळे दाखवले का?”

रंजनाची सासू म्हणाली, “सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू उंबरा नाही ओलांडत. अन् डोयाले काय झालं? पाह्य ना, कसे टपोरे हायेत!”

मी चरकले. महिना भरतच आला होता. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातला मागचा पडदा कच्चा असतो. त्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदा ओढला जाऊन सुटतो. कायमचं आंधळेपण. बाहेरून काही दिसत नाही. वेळेत लेसर केला, तर बहुतेकदा नजर वाचते.

हे सांगितलं, तरी सासूबाई ढिम्म. मग रंजनाच बोलली, “आत्याबाई, जन्मला तवापासून काचेच्या पेटीत व्हता. तवा कोनता उंबरा पाह्यला आपन?”

म्हातारी उठलीच. “चाल मंग. मीबी येतो. पन त्याले काळा दोरा बांधू दे.”

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, “आरओपीची तपासणी शुक्रवारी. आज नाही.” आरओपी म्हणजे हाच आजार.

माझा पारा चढला. “शुक्रवारपर्यंत नजर थांबेल का?”

सासूबाईंनी तर तिथेच बैठक मारली. “नेम मोडाले लावला ना तुमी? आता पाहूनच जातो. काहून, डाक्टर का शुक्रवारीच जेवते?”

रांग हसली. आवाज ऐकून डॉक्टर स्वतः बाहेर आले. बाळाला आत नेलं, तपासलं. चेहरा गंभीर. “दोन्ही डोळे. उद्याच लेसर.”

लेसर झाला. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “पडदा जागेवर आहे.” मी व्हरांड्यातच उडी मारली! रंजना रडत होती, सासूबाई तिला दटावत होत्या.

नेम मोडला तर पुन्हा पाळता येतो. सुटलेल्या पडद्याचं तसं नाही.

तुमच्या घरात, गल्लीत दिवस भरायच्या बरंच आधी जन्मलेलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ आहे? मग जन्मापासून महिना भरायच्या आत त्याचे डोळे तपासून घ्या. “नंतर या” म्हणाले, तर तिथून उठू नका. आज विचारा त्या घरी, डोळे दाखवले का. आजच.