मनोहरला दिसलेला उजेड

मनोहर गेल्याचं कळलं तेव्हा मी पांढुर्ण्याच्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला धोतरं दाखवत होतो. सौसरहून त्याच्या पुतण्याचा फोन आला आणि धोतरं तशीच पसरलेली राहिली. शाळेतला सोबती गेला की आपल्याला ‘अबे’ म्हणणारं कोणी उरत नाही... हे त्या दिवशी कळलं.

मनोहर वायुदलात होता, मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर. एका संध्याकाळी डोंगराळ मुलखावरून परतताना एक नारिंगी उजेड बराच वेळ विमानासोबत चालला आणि मग सरळ वर निघून गेला. विमानातल्या साऱ्यांनी तो पाहिला, असं मनोहर म्हणायचा. उतरल्यावर चौकशी बसली. अशा चौकशीत प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवतात, आपसात बोलू देत नाहीत. बाकीचे म्हणाले, काही दिसलं नाही. यानं दिसलं ते सांगितलं, वर चित्रही काढून दिलं. शुक्राची चांदणी असावी, असा निष्कर्ष निघाला. मनोहरच्या डोक्याची तपासणी झाली आणि त्याचं उडणं बंद झालं.

“अबे, खोटं बोलाचं होतं ना,” मी एकदा चिडून म्हटलं.

“मले वाटलं, बाजूच्या खोलीत थेही हेच सांगून राहिले असतीन...”

तो गावी परतला, पण गावाला चेष्टेला विषयच हवा असतो. पानठेल्यावर कोणी “काय चांदणी, आज रामाकोन्याच्या शिवारात काय उतरलं?” म्हटलं की तो हसायचा आणि लवकर घरी जायचा. पुढे चारचौघांत बसणं सोडून तो संत्र्याच्या बागेतल्या खोलीतच राहू लागला. त्या विमानाच्या वैमानिकाला मात्र दर हंगामात संत्र्यांची पेटी पाठवायचा. त्यानं एकदा ‘हो, मीही पाहिलं’ म्हणावं, एवढीच आस. पेटी पोचायची, आभार यायचे. ते एक वाक्य येत नव्हतं.

तेरवी झाल्यावर मी त्या वैमानिकाला फोन करून बातमी दिली. ते म्हणाले, “वो सच कहता था. हम सबने देखा था.” त्यांना उडण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, घरात लहान मुलं होती, हेही सांगितलं. मला राग यायला हवा होता. आला नाही, फार एकटं वाटलं.

तसाच सौसरला गेलो. बागेतल्या खोलीत मनोहरची खाट अजून अंथरलेली होती, वहिनी, म्हणजे त्याची बायको, खाली बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

“मले काय सांगून राहिले भाऊजी?” त्या म्हणाल्या. “मले तं पहिलेपासूनच खरं वाटे. हे त्यायले सांगाले पाहिजे होतं.”