साळूबाईची चाल

राळेगणसिद्धीच्या अलीकडं, पारनेरच्या रस्त्याला साळूबाईचा गोठा. बाईची जीभ अशी तिखट, की कुणी उगाच तिच्या वाटेला जात नसे. हाताला मात्र गुण होता. तिची लाडकी मोरी गाय दुसऱ्या कुणाला धड धार काढू देत नसे. साळूबाईची पावलं अंगणात वाजली, की मोरी हंबरायची आणि पान्हा सोडायची.

मग वर्षभरात काय झालं कोण जाणे! साळूबाईचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. उचलायचे सोडून ती ते फरफटत न्यायची. "गुडघं गेल्यात, दुसरं काय!" ती म्हणायची. लेकानं, पुंजारामानं, तेलं आणली, पट्टे आणले, पण गुण येईना. चुलीवरचं दूध विसरून ती दारात बसायची. आणि मोरी? ती फरफट ऐकून बिचकायची, पान्हा चोरायची. एकदा तर तिनं लाथेनं बादलीच उलटवली. साळूबाई गोठ्यात बसून ढसाढसा रडली. कालवड असल्यापासून जिला पोटाशी धरलं, ती आता तिला परकी समजत होती.

"आई, मोरी इकून टाकू. गिऱ्हाईक बघून गेलंय. तू पडलीस-बिडलीस म्हंजे?" पुंजाराम म्हणाला.

"आधी मला इक!"

शेवटी तो आणि सून सविता तिला नगरला, सावेडीतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मेंदूचा स्कॅन झाला. आतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या. पुंजारामाचं तोंडच उतरलं.

"नुसत्या फोटोवरून घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वयानं मेंदू आकसतो, तेव्हाही पोकळ्या मोठ्या दिसतात. आजी, लघवीला जाईपर्यंत दम निघतो का?"

"निघतो की!" साळूबाई ठणकावून म्हणाली.

सवितानं मान खाली घातली. "न्हाई निघत. लुगडी मी धुते न्हवं."

साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेनं परक्यापुढं अब्रू काढली!

डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र उजळला. "बरं झालं सांगितलंत. चाल, विसर आणि लघवी, तिन्ही एकत्र आली म्हणजे मेंदूतलं पाणी नीट जिरत नसावं. तेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं, तिथून थोडं काढून बघू. चाल सुधारली, तर नळी बसवून फायदा व्हायची आशा आहे."

"घ्या! आख्ख्या शिवारात पानी जिरवलं आमी, अन् माझ्याच टाळक्यात जिरंना व्हय!"

पाणी काढल्यावर ती दवाखान्यात अशी चालली, की सविताला मागं पळावं लागलं. पुढं मेंदूतून पोटापर्यंत बारीक नळी बसवली. जादा पाणी तिकडं उतरू लागलं. विसर पुरता गेला नाही. नातीला ती अजून भलत्याच नावानं हाक मारते. पण पाय उचलायला लागले. सविताशी मात्र तिनं अबोला धरला तो धरलाच.

घरी आली त्या संध्याकाळी सविता आधाराला पुढं झाली. साळूबाईनं तिचा हात झटकला आणि एकटीच गोठ्याकडं निघाली. मोरीचं तोंड गव्हाणीत होतं. पावलं वाजली तशी तिनं मान वर केली, कान टवकारले आणि अशी हंबरली, की पुंजाराम घरातून बाहेर आला. साळूबाई खाली बसायच्या आत सडांतून दूध ठिबकायला लागलं.

तिनं मोरीच्या पोटाला कपाळ टेकलं. डोळे वाहत होते. "व्हय गं बाई, मीच हाय."

मग मागं न बघता म्हणाली, "सविता, उभी काय ऱ्हायलीस? बादली आन. अन् त्या दिशी बोललीस, ते लई बरं केलंस."