चेंबरखालची पांढरी ताटली

अकरा ऑक्टोबर, शनिवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. अंगणात उभ्या असलेल्या आमच्या जुन्या गाडीच्या पोटाखाली मी एनॅमलची पांढरी ताटली सरकवली होती आणि जमिनीला गाल लावून पाहत होते. इंजिनाच्या तळाशी एक काळा थेंब संथपणे आकार घेत होता. आपल्याच भाराने तो लांबला, त्याच्या कडेवर कोवळ्या उन्हाची तांबूस रेघ उमटली आणि तो सुटला. विनाश थेंबाथेंबाने येतो तेव्हा किती देखणा दिसतो! मी घड्याळ लावून मोजले आणि वहीत लिहिले : मिनिटाला नऊ.

आकडे लिहून ठेवण्याची ही सवय बाबांची. गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले, आणि त्यांचा एकच दंडक होता : नोंद चुकली तरी खोडायची नाही, शेजारी चूक लिहायची. त्याच दंडकाच्या बळावर मी रसायनशास्त्राची पदवी मिळवली, संशोधनासाठी दूरच्या संस्थेत प्रवेश मिळवला, आणि त्यांची मूत्रपिंडे थकली तेव्हा तो प्रवेश सहा महिने पुढे ढकलून परत आले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना अकोल्याला डायलिसिससाठी नेत असे. मधल्या दिवसांत प्यालेले पाणी त्यांच्या देहातच साचत राही. बावन्न किलो हे त्यांचे खरे वजन. त्यावरचे सारे पाणी. शुक्रवार ते मंगळवार हे अंतर सर्वांत मोठे, म्हणून मंगळवार हा आमच्यासाठी वार नव्हता, तो पैलतीर होता. गाडी तिथवर पोचली पाहिजे, एवढेच त्या आठवड्याचे उद्दिष्ट होते.

शहरातल्या गॅरेजने फोनवर सांगितले, इंजिन उतरवावे लागेल, आठ-दहा दिवस धरून चला. आठ-दहा दिवस! आमच्या हातात तीन होते. म्हणून मी गाडी मेडशीच्या रस्त्यावर, मामाच्या शेडमध्ये नेली. मामा म्हणजे माझ्या दिवंगत आईचा धाकटा भाऊ, जन्मभराचा मिस्त्री. पण मणक्याच्या दुखण्याने कमरेला पट्टा आलेला, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरण्याची मनाई. खड्ड्याच्या काठाशी बाज टाकून तो बसला आणि म्हणाला, "इंजन कायले उतरवा लागते? जॅकवर जरासं उचल, माउंटिंगचे बोल्ट सैल कर, चेंबर आडवं करून काढ. हात तुहे, अक्कल माही."

तेल साठवणाऱ्या त्या तळाच्या पत्री भांड्याला आमच्याकडे चेंबर म्हणतात, आणि ते व इंजिन यांच्या मधल्या पातळ पट्टीला पॅकिंग. शनिवारचा सारा दिवस मी खड्ड्यात उभी राहून एकेक बोल्ट सोडवला. खाली कोमट तेलाचा कडवट वास, वर शेडबाहेर सोयाबीन काढणाऱ्या यंत्राची अखंड घरघर, आणि हवेत तरंगणारा पिवळसर भुसा. चेंबर उतरले तेव्हा जुने पॅकिंग हातात आले : वाळून कडक झालेले, एका कोपऱ्यात तडकलेले. किती क्षुल्लक वस्तू! आणि तरी विचार करा, घासून कितीही गुळगुळीत केलेले दोन धातू एकमेकांना खऱ्या अर्थाने कधी भेटतात का? सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पृष्ठांवर डोंगर असतात, दऱ्या असतात. त्यांच्या मधे कुणीतरी मऊ होऊन, दाब सोसून, नाव न मिळता राहावे लागते. आई गेल्यावर बाबा आणि मी एकाच घरात किती खडखडाट केला, हे मला त्या खड्ड्यात प्रथमच उमगले.

रविवारी नवे पॅकिंग बसवायचे होते. त्यावर, वाळल्यावर रबरासारखी होणाऱ्या लाल पेस्टची एक वळी द्यायची असते. मामा बाजेवरून सांगत होता, "पोरी, लय नको लावू. गव्हाच्या काडीएवढी पुरे. दाबलं का ते आपोआप पसरते." मी म्हटले, मिलिमीटरमध्ये सांगा. तो हसला. "तुह्या प्रयोगशाळेत माप काट्यावर राह्यते, इथं बोटात राह्यते."

आणि मी काय केले? मी सुरक्षिततेचा गुणक लावला. पूल बांधणारा अभियंता अपेक्षित भाराहून अधिक भार धरतो, मग बाबांच्या मंगळवारसाठी मी काडीवर का थांबावे? मामाला वरून माझे हात दिसत नव्हते. मी वळी दुप्पट जाड दिली, आतल्या कडेला आणखी एक दिली, आणि त्याला सांगितले, "झालं मामा, तुमी म्हणाले तेवढीच." बाहेर पाझरलेली पेस्ट मी फडक्याने निपटून काढली. आतल्या बाजूला तेवढीच पाझरली असणार, हे इतके साधे अनुमान त्या दिवशी माझ्या शिक्षित मेंदूला का सुचले नाही?

निघताना मामा म्हणाला, "मंगळवारी पाटलाची गाडी सांगून ठेवू काय?"

"काहून मामा, माह्यावर भरोसा नाई काय?"

"तुह्यावर हाय. गाडीवर नाई."

मी नको म्हटले. पेस्ट पूर्ण दिवस वाळू दिली, सोमवारी सायंकाळी शेडमध्ये नवे तेल भरले आणि गाडी घरी आणली. चौदा ऑक्टोबर, मंगळवार, सहा चाळीस : डाव्या रकान्यात थेंब शून्य, उजव्या रकान्यात बाबांचे वजन छप्पन पूर्णांक आठ. ताटली शुभ्र होती. बाबांनी वही मागून घेतली, थेंबांचा शून्य पाहिला, आणि सुजलेल्या बोटांनी त्याखाली लहानशी बरोबरची खूण केली.

मेडशी मागे पडली, घाट सुरू झाला, आणि समोरच्या काचेखाली तेलाचा लाल दिवा लागला. मी तो पाहिला. पाहिला आणि नाकारला. गळती शून्य, पातळी पूर्ण, तेव्हा दोष दिव्याच्या तारेत असला पाहिजे : केवढा निर्दोष युक्तिवाद! त्या युक्तिवादावर मी तीन किलोमीटर गाडी हाकली. मग आतून दगड दळल्यासारखा आवाज आला आणि इंजिन कायमचे थांबले. सोयाबीनची पोती नेणाऱ्या एका टेम्पोने आम्हाला उचलले तेव्हा बाबांची वेळ उलटून गेली होती. यंत्रावर दुसरा रुग्ण होता, त्याला कोण उठवणार? संध्याकाळी बाबांना जागा मिळाली, तोवर पाणी फुप्फुसांत चढले होते.

बुधवारी त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "लीकचं काय झालं? आकडा सांग."

"शून्य, बाबा."

"मंग जमलं तुले," ते म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटले. आयुष्यात मी याहून अचूक आकडा सांगितला नाही, आणि याहून मोठी लबाडीही केली नाही. शुक्रवारी ते गेले.

दिवाळीनंतर मामाने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी अंगणात आणवली, आणि कुणाचे न ऐकता पट्ट्यासकट स्वतः तिच्याखाली सरपटत शिरला. चेंबर उतरवले. तेल वर खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. त्या जाळीत लाल रबरी धागे गच्च अडकले होते. भांडे काठोकाठ भरलेले, आणि वरचे इंजिन तहानेने मेलेले. मामाने एक धागा ओढून काढला, बोटांत फिरवला, माझ्याकडे पाहिले, आणि तो सदऱ्याच्या खिशात घातला. मग जमलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इंजन जुनंच होतं, पोरी."

ही माया आहे, मला ठाऊक आहे. तो धागा तो कुणाला दाखवणार नाही. पण वही बाबांची आहे, आणि तिच्यात खोडायचे नसते. म्हणून त्या मंगळवारच्या शेजारी मी लिहिले : चूक माझी. पेस्ट दुप्पट. दिवा दिसला होता. आणि ज्यांना ते सांगायला हवे होते ते बाबा आता वाचू शकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

गाडी अजून अंगणातच आहे, चेंबर उतरवलेली, तळ उघडा. तिच्या टपावर तुरीची पिवळी फुले वाऱ्याने येऊन पडतात. संस्थेचे पत्र आले आहे. मी उद्या निघणार. आज सकाळी जुन्या सवयीने मी जमिनीला गाल लावला, ताटली खाली सरकवली आणि पूर्ण मिनिटभर वाट पाहिली. उजव्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नव्हते. डाव्या रकान्यात लिहिले : सहा चाळीस, थेंब शून्य.